पडद्यावर मारला जाणारा बाप

दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा आईबापांचा मान राखण्याविषयी आहे आणि पाचवी आज्ञा खून न करण्याविषयी. दोन्ही आज्ञा एकाच दृश्यात मोडल्या जात आहेत, असे प्रसंग दूरचित्रवाणीच्या मालिकांमध्ये गेल्या काही वर्षांत वारंवार दिसू लागले आहेत. मुलगा बापाला मारतो. किंवा ज्याने बापाच्या मायेने शिकवले, हाताला धरून चालवले, अशा वडीलधाऱ्याला मारतो. आणि पाहणारा प्रेक्षक हळहळण्याऐवजी पुष्कळदा मनातल्या मनात म्हणतो, 'बरे झाले!'

बंधु-भगिनींनो, याविषयी आपल्या धर्मग्रामातील पालकांना काळजी वाटते आणि ती रास्त आहे. पूर्वी घरात एकच टीव्ही होता. जे काही लागेल ते आजीपासून नातवापर्यंत सगळे मिळून पाहत आणि नको ते दृश्य आले की कुणीतरी उठून चॅनल बदलत असे. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, कानात वायर आहे. मुलगा शेजारी बसून काय पाहतो आहे, हे बापाला कळत नाही. त्यामुळे प्रश्न येतो की, अशा कथा पाहून मुले बापाचा द्वेष करायला शिकतील काय? उत्तर देण्याची घाई करण्याआधी आपण ही दृश्ये नेमके काय सांगतात ते पाहू या.

'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या पर्वाचा शेवटचा भाग १५ जून २०१४ रोजी दाखवला गेला. तो जून महिन्याचा तिसरा रविवार होता, म्हणजे अमेरिकेतला 'फादर्स डे'! त्या भागात टिरियन नावाचा मुलगा आपल्या बापाला, टायविन लॅनिस्टर या बलाढ्य सरदाराला, खटक्याच्या धनुष्याने बाण मारून ठार करतो. तेही रणांगणावर किंवा दरबारात नव्हे, तर शौचकूपात. ज्याच्या नुसत्या नावाने राज्ये थरथरत, तो माणूस असा मरतो.

टिरियन हा जन्मापासून खुजा. त्याच्या जन्माच्या वेळी आई दगावली आणि बापाने त्याला त्याची कधीच माफी दिली नाही. पुढे, न केलेल्या खुनाचा खटला त्याच्यावर भरला जातो. न्यायासनावर स्वतः बापच बसलेला असतो आणि मुलाला देहदंड होतो. भाऊ त्याला अंधारकोठडीतून सोडवतो. पळून जाण्याची वाट मोकळी असते, पण तो बापाच्या महालाकडे वळतो. ज्या स्त्रीवर त्याचा जीव होता ती त्याला तिथे बापाच्या शय्येवर आढळते आणि तिचाही अंत त्याच्याच हातून होतो. शेवटच्या क्षणी बाप म्हणतो की, तू माझा मुलगा नव्हेस. मुलगा उत्तर देतो की, मी कायम तुमचाच मुलगा होतो. (ही मालिका लहान मुलांनी पाहण्यासारखी मुळीच नाही, हे इथेच स्पष्ट सांगितलेले बरे. हिंसा आणि नग्नता तिच्यात भरपूर आहे.)

कथेतल्या बापाचा अर्थ केवळ जन्मदाता असा नसतो. बाप म्हणजे घराचे नाव, घरातला नियम, तिजोरीची किल्ली आणि अखेरचा शब्द. त्याला मारणे म्हणजे 'आता माझा शब्द मी स्वतः उच्चारणार' असे म्हणणे. म्हणूनच हे प्रतीक फार जुने आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात सोफोक्लीसने रंगवलेला ईडिपस राजा अजाणतेपणी बापाचा वध करतो. १९१३ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी 'टोटेम अँड टॅबू' या ग्रंथात अशी कल्पना मांडली की, आदिम काळी मुलांनी एकत्र येऊन जुलमी बापाला मारले आणि त्या पश्चात्तापातून धर्म आणि निर्बंध जन्माला आले. मानववंशशास्त्रज्ञांनी ही गोष्ट इतिहास म्हणून स्वीकारली नाही आणि धर्माविषयीचे फ्रॉइड यांचे मत आपल्याला पटण्यासारखे नाही. परंतु त्यांचे एक निरीक्षण मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मेलेला बाप जिवंत बापापेक्षा अधिक बलवान होतो, असे ते म्हणतात.

टिरियनचे नेमके तेच होते. बापाला मारून तो पेटाऱ्यात लपून समुद्रापार जातो, दारूत बुडतो. पुढे एका राणीचा आणि मालिकेच्या शेवटी नव्या राजाचा तो मुख्य प्रधान बनतो. ते पद कोणाचे? त्याच्या बापाचे! ज्या बिल्ल्याने बाप मिरवत असे तोच बिल्ला मुलाच्या छातीवर येतो. बाण सुटला, बाप कोसळला, पण मुलगा बापाच्या सावलीतून बाहेर पडला काय? आमच्या मते नाही. मालिका लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक असावे.

दुसरी मालिका 'सक्सेशन'. नावाचा अर्थच 'वारसा'. २०१८ ते २०२३ या काळात तिची चार पर्वे झाली. लोगन रॉय हा वृत्तपत्रे आणि टीव्ही वाहिन्यांचा मालक. ऐंशीव्या वाढदिवशी तो कारभार मुलाकडे सोपवणार, असे सर्वांना वाटत असते. आणि ऐन वेळी तो सांगतो की, मी इतक्यात जाणार नाही. पुढची सारी कथा या एका नकारातून वाढते. मुले त्याच्याविरुद्ध कट करतात, त्याच्या पायाशी येतात, पुन्हा कट करतात. ९ एप्रिल २०२३ रोजी दाखवलेल्या भागात म्हातारा विमानात अचानक मरतो. त्याला कोणीही मारत नाही. मुले दूर एका बोटीवर, एका भावाच्या लग्नाला आलेली असतात. विमानातला माणूस बापाच्या कानाशी फोन धरतो आणि मुले एकेक करून त्याच्याशी बोलतात. तो ऐकतो आहे की केव्हाच गेला आहे, हेसुद्धा त्यांना माहीत नसते. ज्याच्या जाण्याची वाट पाहिली त्याला आता काय सांगायचे, हे त्यांना सुचत नाही. माफ केले म्हणावे की नाही, हेही ठरत नाही. शेवटी वारसा तिघांपैकी एकालाही मिळत नाही. योगायोग असा की, ९ एप्रिल २०२३ हा पुनरुत्थानाचा रविवार होता.

आता कुणी म्हणेल की, ही परदेशी थेरे आहेत, आपल्याकडे असे काही नाही. पण आपल्या देशात टीव्हीवर पितृतुल्य माणसाचा वध सर्वाधिक घरांनी पाहिला असेल, तर तो कुठल्याही अमेरिकन मालिकेत नव्हे. बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' दूरदर्शनवर २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात रविवारी सकाळी लागत असे. ९४ भाग झाले. २०२० च्या टाळेबंदीत ते पुन्हा दाखवले गेले तेव्हा नातवंडांनीही पाहिले. त्यात मुकेश खन्ना यांनी साकारलेले भीष्म शरपंजरी पडतात, ते दृश्य आठवून पाहा.

मारणारा अर्जुन आहे. लहानपणी धुळीने माखलेल्या अंगाने तो भीष्मांच्या मांडीवर चढत असे आणि त्यांना बाबा म्हणत असे. ते म्हणत, अरे, मी तुझा बाबा नव्हे, तुझ्या बाबांचा बाबा. महाभारतात अर्जुनाला ही आठवण येते ती नेमकी युद्धात, त्यांना मारण्याचा विचार चालू असताना! म्हणून त्याचे बाण बोथट पडतात. नऊ दिवस भीष्म पांडवांचे सैन्य कापून काढतात. शेवटी नवव्या रात्री पांडव त्यांच्याच शिबिरात जाऊन हात जोडून विचारतात की, आजोबा, तुम्हाला हरवायचे कसे? आणि भीष्म सांगतात! शिखंडीला पुढे करा, मी त्याच्यावर शस्त्र उचलणार नाही.

जगातल्या पितृवधाच्या इतर कथांहून ही कथा इथे वेगळी होते. इथे बाप आपल्या मृत्यूची किल्ली स्वतः मुलांच्या हातात देतो. का देतो? आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत हे त्याला कळते म्हणून. भरसभेत सुनेची विटंबना झाली तेव्हा हा थोर माणूस गप्प राहिला होता. सिंहासनाशी बांधील राहण्याची प्रतिज्ञा त्याने अशी घट्ट धरली की, सिंहासनावर अन्याय बसला तरी ती सुटली नाही. तो असेपर्यंत न्याय होणार नाही, हे मुलांआधी त्यालाच उमगले असावे.

शरशय्येवर पडल्यावर त्यांचे डोके लोंबकळते. राजे मऊ उशा घेऊन धावतात, पण ते नाकारतात आणि अर्जुनाकडे पाहतात. अर्जुन रडत रडत तीन बाण मारून डोक्याला आधार देतो. तहान लागते तेव्हा तोच बाणाने भूमी भेदून पाणी काढतो. ज्याने पाडले त्याच्याच हातची उशी, त्याच्याच हातचे पाणी. युद्ध संपल्यावर युधिष्ठिर त्यांच्या उशाशी बसून राज्य कसे करावे हे शिकतो. महाभारतातली दोन मोठी पर्वे या शिकवणीने भरली आहेत. उलट द्रोणाचार्यांना खोटे सांगून शस्त्र खाली ठेवायला लावले आणि मग मारले. त्याचा सूड त्यांच्या मुलाने एका रात्री झोपलेल्या तरुणांना कापून घेतला.

विद्वान ए. के. रामानुजन यांनी 'द इंडियन इडिपस' या निबंधात असे दाखवले आहे की, ग्रीक कथेत मुलगा बापाला मारतो, तर भारतीय कथांमध्ये बहुधा दिशा उलटी असते. इथे मुलाचे आयुष्य बापासाठी खर्ची पडते. ययातीने मुलाचे तारुण्य मागून घेतले. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ही कथा मराठी घरांत माहीत आहे. खुद्द भीष्मांनी बापाच्या दुसऱ्या लग्नासाठी राज्य सोडले, संसार सोडला, आणि त्या त्यागाबद्दल आपण आजही त्यांना नमस्कार करतो. त्या तरुण देवव्रताला काय वाटले असेल, हे मात्र कुणी विचारीत नाही.

पडद्यावर बाप मरताना पाहून आपण दचकतो. पण आपल्या घराघरांत जे घडते ते बरेचसे या दुसऱ्या प्रकारचे असते आणि त्याला रक्ताचा डाग नसल्यामुळे ते दिसत नाही. पंचेचाळिशी गाठलेला मुलगा दुकानात बसतो, पण गल्ल्याची किल्ली पप्पांच्या कमरेला. वाडीत राबतो तो, पण काय लावायचे हे ठरवणार म्हातारा. घराला रंग कोणता द्यायचा, पोराला कुठल्या शाळेत घालायचे, बायकोने नोकरी करावी की नाही, इथपर्यंत अखेरचा शब्द दुसऱ्याचा. असा मुलगा बापावर हात उचलत नाही. तो फक्त बोलेनासा होतो. जेवताना मान खाली घालून जेवतो. काही जण संध्याकाळी गुत्त्याकडे वळतात. आणि सातबाऱ्यावर नाव कधी चढेल याचा हिशेब मनात चालू राहतो. तो हिशेब म्हणजे काय, हे कुणाला उघड बोलवत नाही, पण समजते सर्वांना.

बापाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याला भीती वाटते. मराठी माणसाने 'नटसम्राट' पाहिले आहे. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या त्या नाटकातल्या अप्पा बेलवलकरांनी सगळे मुलांना वाटून दिले आणि शेवटी रस्त्यावर आले. 'जिवंतपणी हात रिकामे करू नये', हा धडा त्या नाटकातून किती वडिलांनी घेतला असेल! आणि त्यांना पवित्र शास्त्राचा आधारही आहे. जुन्या करारातील सिराकच्या ग्रंथाच्या तेहतिसाव्या अध्यायात असा सल्ला आहे की, माणसाने हयातीत मुलाला, पत्नीला, भावाला किंवा मित्राला आपल्यावर सत्ता देऊ नये आणि वाटणी मरणसमयीच करावी. मुलांच्या हाताकडे पाहण्यापेक्षा मुलांनी आपल्याकडे मागावे हे बरे, असे तो शहाणा माणूस म्हणतो. सरकारनेही ही भीती खरी मानली. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्यात तशी तरतूद आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता घेतली आणि मग सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. असा कायदा करावा लागला, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

मग बाप सोडत नाही आणि मुलगा मारू शकत नाही, या कोंडीतून वाट कोणती? आणखी एका मालिकेत याचे एक उत्तर आहे, जरी ती मालिका अमली पदार्थांच्या धंद्याविषयी असली तरी. २००८ ते २०१३ या काळात दाखवल्या गेलेल्या 'ब्रेकिंग बॅड'मध्ये वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा शिक्षक कर्करोग झाल्यावर घरच्यांसाठी पैसा हवा म्हणून जेसी या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून ते विष बनवू लागतो. जेसीला त्याच्या आईबापांनी घराबाहेर काढलेले असते. वॉल्टर त्याला बापासारखा जवळ घेतो, त्याचे काम नावाजतो, आणि त्याच हाताने त्याचे आयुष्य नासवतो. त्याच्या सांगण्यावरून जेसी एका निरुपद्रवी माणसाचा जीव घेतो. जेसीची प्रेयसी डोळ्यांसमोर मरत असताना वॉल्टर हात बांधून पाहत राहतो. एवढे होऊनही जेसी त्याला शेवटपर्यंत 'मिस्टर व्हाइट' असेच म्हणतो, शाळेत म्हणत असे तसे.

शेवटच्या भागात वॉल्टर त्याला गुंडांच्या कैदेतून सोडवतो, पिस्तूल त्याच्याकडे सरकवतो आणि मला मार म्हणतो. जेसी पिस्तूल रोखतो. तुम्हालाच हे हवे आहे, असे तो वॉल्टरच्या तोंडून वदवून घेतो. आणि मग पिस्तूल खाली टाकतो! तुमचे तुम्ही पाहा, असे सांगून गाडीत बसून निघून जातो. बापाने दिलेली शेवटची आज्ञा तो मोडतो आणि ती आज्ञा खुनाची असते. टिरियनला वाट मोकळी असून जे जमले नाही ते या बिघडलेल्या, शाळेत नापास होणाऱ्या पोराला जमते. त्याने वॉल्टरला माफ केले असे मालिका म्हणत नाही. तो फक्त त्याच्या हुकमाखालून निघून जातो.

ही झाली मुलाच्या बाजूची वाट. बापाच्या बाजूची वाट आपल्या श्रद्धेत आहे आणि ती सिराकच्या सल्ल्याच्या अगदी उलट आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा मुलगा बापाच्या हयातीत वाटणी मागतो. वाटणी तर बापाच्या पश्चात व्हायची असते, म्हणजे 'तुम्ही मेलाच आहात असे मी धरतो' असे तो म्हणतो. शस्त्राविना केलेला हा पितृवधच नव्हे काय? आणि बाप, न रागावता, न समजावता, वाटून देतो. मुलाने आपल्याला मेलेला मानले, हे तो सोसतो.

सोडून देण्याचा एक नमुना आपल्या पिढीने पाहिला आहे. 'पोप' या शब्दाचे मूळ 'बाप' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले आणि २८ फेब्रुवारीला ते पायउतार झाले. १४१५ नंतर असे प्रथमच घडत होते. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे, ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत, ते व्हॅटिकनमध्येच राहिले, नव्या पोपमहोदयांच्या शेजारी. ते सोपे गेले असेल असे वाटत नाही. दोघांनाही. लहान प्रमाणात आपल्या 'फादर'लोकांना हेच करावे लागते. बिशपांचे पत्र येते आणि वर्षानुवर्षे ज्यांनी मंडप, सण, भांडणे, मर्तिके सांभाळली ते बॅग भरून दुसऱ्या धर्मग्रामात जातात. महिनाभर आपण 'जुने फादर असे करत नसत' म्हणत राहतो, मग विसरतो. आपल्या घरांतल्या वडिलांना मात्र कुणाचे पत्र येत नाही. केव्हा उठायचे ते त्यांचे त्यांनाच ठरवावे लागते, हे त्यांचे काम धर्मगुरूंपेक्षा अवघड आहे.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरील प्रवचनात आपण बहुधा धाकट्यापाशी थांबतो. थोरल्याची गोष्ट अधिक जवळची आहे. तो कुठे गेला नाही, त्याने काही मागितले नाही, काही उधळले नाही. इतकी वर्षे शेतात राबला आणि मित्रांबरोबर खायला साधे करडूदेखील मिळाले नाही म्हणून त्याच्या पोटात आग आहे. बाप त्याला सांगतो की, जे माझे ते सारे तुझेच आहे. हे त्याला आधी माहीत नव्हते काय? की बाप मनात धरून होता आणि मुलाला कधी बोललाच नाही? घरात वाजंत्री वाजत आहे, थोरला अंगणात उभा आहे आणि म्हातारा पाहुण्यांना सोडून त्याची विनवणी करायला बाहेर आला आहे. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.